पोस्टरवरची बारीक नावं

‘हल्ली नवीन चांगलं काही येतच नाही’ असं म्हणणारा माणूस मला दर आठवड्याला भेटतो. कधी तो माझ्यासारखा पन्नाशीला टेकलेला असतो, कधी चक्क पंचविशीतला. माझा धंदा साउंडचा. पुण्यात लहान-मोठ्या कार्यक्रमांना मी कन्सोलवर असतो. त्याआधी गणपतीत मंडळांचे स्पीकर उचलले, ऑर्केस्ट्राच्या केबली गुंडाळल्या, नाटकाच्या दौऱ्यांत माइक लावले. त्यामुळे लोकांना वाटतं, याला सगळं आधी कळत असणार. थोडंफार कळतं, नाही असं नाही. पण त्यात गुपित काही नाही. पोस्टरवरचं ठसठशीत नाव सगळेच वाचतात, मी खालची बारीक नावंही वाचतो. कोणी मिक्स केलं, कोणी काढलं, आधी कोण वाजवणार. नवं संगीत या बारीक नावांमधून येतं, एवढंच मला इतक्या वर्षांत समजलेलं आहे.

बोलतोय ते कशाबद्दल, तेवढं आधी सांगतो. ज्याला ढोबळमानाने ‘ऑल्टरनेटिव्ह’ म्हणतात ते, आणि इलेक्ट्रॉनिक. ऑल्टरनेटिव्ह म्हणजे सिनेमा आणि मोठ्या कंपन्या यांच्या बाहेर राहून स्वतःची गाणी करणारी मंडळी: गिटारवाले बँड, रॅपर, एकट्याने घरी रेकॉर्ड करणारं कोणी. इलेक्ट्रॉनिक म्हणजे सिंथेसायझर, ड्रम मशीन, सॅम्पलर आणि लॅपटॉप यांतून उभं केलेलं संगीत. त्यात नाचायचं हाउस आणि टेक्नो येतं, तसं ताल बाजूला ठेवून नुसत्या सुरांच्या थरांवर चालणारं अँबियंटही येतं. दोन्हींचा श्रोता थोडा, पैसा कमी, जाहिरात जवळजवळ नाहीच. त्यामुळे ते चालत तुमच्या दारी येत नाही. आपल्यालाच जावं लागतं.

शुक्रवारचा पूर

‘काही येत नाही’ ही तक्रार आकड्यांना मुळीच धरून नाही. जगभरच्या स्ट्रीमिंग सेवांवर रोज एक लाखाच्या आसपास नवी गाणी चढतात. पूर्वी प्रत्येक देशाचा नव्या रेकॉर्डचा वार वेगळा होता. अमेरिकेत मंगळवार, ब्रिटनमध्ये सोमवार. १० जुलै २०१५पासून बहुतेक सगळ्यांनी मिळून शुक्रवार ठरवला. तेव्हापासून शुक्रवारी सकाळी फोन उघडला की पूर आलेला असतो.

या पुरातून वेचून देण्याचं काम आता यंत्रावर सोपवलं आहे. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९मध्ये भारतात आलं. दर सोमवारी ते तुमच्यासाठी एक यादी करतं, दर शुक्रवारी दुसरी. तुमच्यासारखीच गाणी ऐकणारे इतर लोक आणखी काय ऐकतात, हे पाहून त्यातलं तुम्ही न ऐकलेलं तुमच्या पुढ्यात ठेवायचं, अशी त्याची मुख्य रीत. जोडीला गाण्याचा वेग, पोत असलं काहीबाही ते मोजतं. मी या याद्यांना नावं ठेवत नाही, स्वतः ऐकतो. पण त्यांची मेख लक्षात घ्या. ज्याला आधी कोणीतरी ऐकलं आहे, त्यालाच हे यंत्र ओळखतं. इस्लामपूरच्या कोणी मुलाने काल रात्री पहिलं गाणं चढवलं आणि ते त्याच्या चार मित्रांनीच ऐकलं, तर यंत्राच्या दृष्टीने तो मुलगा जन्मालाच आलेला नाही. २०२४पासून तर स्पॉटिफायने नियमच केला, की मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसे मिळणार नाहीत.

मग यंत्राकडून काम करून घ्यायचं कसं? आवडलेल्या कलाकाराच्या नावापुढचं ‘फॉलो’चं बटण दाबायचं. गाणं नुसतं जतन करून पुढे जाऊ नका, नावाला फॉलो करा. शुक्रवारच्या यादीत मग त्याचं नवं गाणं येण्याची शक्यता कितीतरी वाढते. आणि गाण्याशेजारच्या तीन टिंबांत ‘क्रेडिट्स’ म्हणून एक ओळ असते, ती उघडायची. बहुतेकांनी ती आयुष्यात उघडलेली नसते. तिथे गीतकार, संगीतकार, निर्माता यांची नावं असतात. ज्या निर्मात्याचं काम आवडलं, त्याने आणखी कोणाकोणाचं केलंय ते पाहायचं. तिथून पुढचं दार उघडतं.

एक पान नीट वाचायचं

माझं स्वतःचं मुख्य ठिकाण मात्र बँडकॅम्प. २००८ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही सेवा म्हणजे कलाकारांचं थेट दुकान. किंमत कलाकार ठरवतो. कित्येक जण ‘तुम्हाला वाटेल ते द्या’ असंही ठेवतात. डिजिटल विक्रीवर दुकान साधारण पंधरा टक्के घेतं, पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा, उरलेलं कलाकाराचं. कोविडमध्ये कार्यक्रम बंद पडले तेव्हा, २० मार्च २०२० रोजी, त्यांनी पहिल्यांदा एक दिवस आपला वाटा सोडला. पुढे ते ‘बँडकॅम्प फ्रायडे’ म्हणून रुळलं आणि त्या दिवशी खरेदी करायची, अशी माझ्यासारख्यांची सवयच झाली.

तिथलं एखादं पान मी कसं वाचतो ते सांगतो, कारण खरी मौज त्यात आहे. वर चित्र, शेजारी गाण्यांची यादी. ती तर कोणीही वाचेल. खाली या. तिथे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: ड्रम्स कोणाचे, मिक्स कोणी केलं, मास्टरिंग कुठे झालं, चित्र कोणाचं. मास्टरिंग म्हणजे रेकॉर्डचा शेवटचा हात. सगळी गाणी एका पातळीवर आणणं, कोणत्याही स्पीकरवर नीट वाजतील असं पाहणं. हे काम करणारी माणसं थोडी, आणि चांगला कान असलेला माणूस बहुधा चांगलीच कामं घेतो. भारतातल्या अशा दोन-तीन मास्टरिंगवाल्यांची नावं मला पाठ झाली आहेत. त्यांचं नाव एखाद्या अनोळखी अल्बमवर दिसलं, की मी तो अल्बम ऐकतोच.

आणखी खाली या. तिथे शिक्के असतात, म्हणजे टॅग: ‘अँबियंट’, ‘टेक्नो’, ‘पोस्ट-रॉक’ आणि सगळ्यांच्या शेवटी गावाचं नाव. या गावाच्या नावावर बोट ठेवा. ‘पुणे’ दाबलं की पुण्यातून चढलेलं सगळं समोर येतं. त्यात भंगारही असतं, पण आपल्या गल्लीपलीकडे राहणारा कोणी काय करतोय हे मला तिथेच कळलं आहे. आणि पानाच्या एका बाजूला विकत घेणाऱ्यांच्या लहान लहान चौकटी असतात. त्यातली एक दाबली, की त्या माणसाने आजवर घेतलेलं सगळं दिसतं. दहा खरेदीदार असलेल्या अल्बमचे ते दहा जण म्हणजे तुमच्यासारखी आवड असलेली, जगात कुठेही बसलेली दहा माणसं. कोणी ओसाकाचा, कोणी लिस्बनचा. त्यांच्या कपाटात हात घालायला मिळतो आणि कोणाला राग येत नाही.

एक सावधगिरी. दुकानं विकली जातात. बँडकॅम्प २०२२मध्ये एपिक गेम्सने घेतलं, २०२३मध्ये ते साँगट्रेडरकडे गेलं आणि निम्म्याच्या आसपास कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. त्याआधी मायस्पेस या संकेतस्थळाचं उदाहरण आहेच. २०१५पर्यंत लोकांनी तिथे चढवलेली गाणी सर्व्हर हलवताना गेली, हे कंपनीने २०१९मध्ये कबूल केलं. आपल्याकडच्याही बऱ्याच बँडांचे पहिले डेमो तिथे होते. म्हणून विकत घेतलेली फाइल मी उतरवून हार्ड डिस्कवर ठेवतो. जुन्या वळणाचा म्हणा हवं तर.

तबकडीवर नाव नसलेला वादक

बारीक नाव वाचणाऱ्या एका माणसामुळे काय घडू शकतं, याचा आपल्या मुंबईतलाच दाखला देतो. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. गिटार, बेस, पुढे सिंथेसायझर. त्या काळी सिनेमाच्या तबकड्यांवर वादकांची नावं सहसा छापत नसत, त्यामुळे श्रोत्यांच्या लेखी हे लोक नव्हतेच. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सिंग यांच्याकडे रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रं आली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हे बेससाठीचं छोटं खोकं. डिस्कोचे दिवस होते. सिंग यांनी यंत्रांवर सलग ठेका लावला आणि त्यावर यमन, तोडी, मालकंस असे दहा राग वाजवले. १९८२मध्ये एचएमव्हीने तो अल्बम काढला: ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. तो पडला. राग ऐकणाऱ्यांना तो ठेका नको होता आणि डिस्को ऐकणाऱ्यांना राग.

पाच वर्षांनी, १९८७मध्ये, शिकागोच्या फ्यूचर या तिघांच्या गटाने त्याच टीबी-३०३मधून तो चिरकणारा, वळवळणारा आवाज काढून ‘ॲसिड ट्रॅक्स’ केलं आणि ‘ॲसिड हाउस’ नावाचा प्रवाह जगभर गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. शिकागोतल्या मुलांनी सिंग यांना ऐकलेलं असण्याचं काही कारण नव्हतं. तेच यंत्र, दोन शहरं, सारखाच आवाज. पण हे कळायलाही कोणीतरी ती तबकडी हातात घ्यायला हवी होती. ती घेतली एदो बाउमन या डच संग्राहकाने, २००२मध्ये, दिल्लीत. जुन्या हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्ड गोळा करणारा हा माणूस. त्याने २०१०मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या लेबलवर ती पुन्हा काढली. तेव्हा सत्तरीजवळ आलेले सिंग पुढे युरोपात जाऊन मंचावर हे राग वाजवून आले. २०१५मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

दुसरा दाखला अहमदाबादचा. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने एक मूग सिंथेसायझर बसवून दिला. त्यामागे पुढाकार गीता साराभाईंचा. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना १९४६मध्ये भारतीय संगीत शिकवणाऱ्या त्याच गीता साराभाई. १९७२पर्यंत तिथे काहींनी प्रयोग केले. त्यात जिनराज जोशीपुरा नावाचा अगदी विशीच्या आतला मुलगाही होता. मग सगळं थंडावलं आणि टेप संग्रहात पडून राहिल्या. २०१७मध्ये लंडनच्या पॉल पर्गस या कलाकाराने त्या शोधल्या, साफ केल्या, आणि २०२३मध्ये त्या रेकॉर्ड म्हणून बाहेर आल्या. म्हणजे पन्नास वर्षं जुनं संगीत २०२३चं ‘नवं प्रकाशन’ ठरलं. दर शुक्रवारच्या यादीत अशी जुनी-नवी प्रकाशनंही असतात आणि बहुतेकदा ती एका कोणाच्या चिवटपणामुळे आलेली असतात.

लेबल, रेडिओ आणि मराठी

लेबल म्हणजे रेकॉर्ड काढणारी संस्था. छोट्या लेबलांचं बरं असं की तिथे निवडणारा एक-दोन माणसांचा कान असतो. जुन्या मंडळींना हे सांगावं लागत नाही. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसची कॅसेट म्हटलं की गायक कोण हे न बघताही ती घेणारे लोक होते. तसाच विश्वास आज लहान लेबलांवर टाकता येतो. दिल्लीचं आझादी रेकॉर्ड्स हिप-हॉपसाठी, कोहरा या डीजेचं किल्ला रेकॉर्ड्स टेक्नोसाठी. एक रेकॉर्ड आवडली की त्या लेबलच्या सगळ्या यादीतून एक फेरी मारायची.

इथे मराठी माणूस विचारतो, यात आपलं काय? आहे. मुंबईच्या ‘स्वदेसी’ गटात एमसी मवाली मराठीत रॅप करतो. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, स्वतःचं नाव ‘१००आरबीएच’ असं लिहिणारा, त्याच वर्तुळातला. २०१९मध्ये आरेच्या जंगलाचा वाद पेटला असताना या गटाने ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. त्यात आरेतल्या पाड्यावर राहणारे प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. पुढच्या वर्षी गटाचा ‘चेतावनी’ हा अल्बम आझादी रेकॉर्ड्सने काढला. आणि २०२४मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सवरून आलं, हाउसच्या ठेक्यावर चक्क मराठी शब्द. ते लग्नाच्या वरातीत पोचलं, त्यामुळे तुम्ही ऐकलंच असेल. पण वरातीत ऐकून सोडून दिलंत की त्या लेबलवर, त्या निर्मात्याच्या मागे-पुढे काय होतं तेही पाहिलंत, एवढाच प्रश्न आहे.

ज्यांना शोधत बसायचा कंटाळा, त्यांच्यासाठी रेडिओ आहे. एफएमवरचा नव्हे, इंटरनेटवरचा. दिल्लीचं बॉक्सआउट डॉट एफएम २०१७पासून चालू आहे, लंडनचं एनटीएस २०११पासून. तिथे प्रत्येक कार्यक्रम एखादा डीजे किंवा संग्राहक स्वतःच्या आवडीने रचतो. सियाटलचं केईएक्सपी तर बँडांना स्टुडिओत बोलावून चित्रीकरण करतं आणि ते सगळं यूट्यूबवर फुकट असतं. स्वयंपाक करताना, गाडीत लावून ठेवायचं. कान उभे राहिले की नाव टिपून घ्यायचं. माझी टिपणवही अजून कागदाची आहे.

गिग कुठे आणि कधी

आता प्रत्यक्ष कार्यक्रमाकडे, म्हणजे गिगकडे येऊ. ज्या जागांनी ही पिढी घडवली त्यातल्या कितीतरी आज नाहीत. मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचं, १९८६पासून. शेजारी कॉलेज आणि रुग्णालयं, शांतता क्षेत्राचे नियम कडक झाले आणि मैफल तिथून उठली. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७मध्ये ‘ब्लू फ्रॉग’ सुरू झालं. तिथली ध्वनियोजना बघायला आमच्या धंद्यातले लोक मुद्दाम जायचे. तेही २०१६मध्ये बंद झालं. त्याच वर्षी काळा घोड्याचं ‘रिदम हाउस’ हे रेकॉर्डचं दुकान गेलं. आज मुंबईत लोअर परळचं ‘अँटीसोशल’ आहे, महालक्ष्मीला ‘जी-फाइव्ह-ए’ आहे, माहीमला ‘रिव्हॉल्व्हर क्लब’ हे विनाइलचं दुकान आहे. पुण्यात कोरेगाव पार्काकडचं ‘हाय स्पिरिट्स’ कित्येक वर्षं टिकून आहे. आणि डिसेंबर २०१०मध्ये ‘एनएच-सेव्हन वीकेंडर’ हा महोत्सव सुरू झाला तोही पुण्यातच.

तिकिटं बुकमायशो, स्किलबॉक्स किंवा डिस्ट्रिक्ट या ॲपवर मिळतात. पूर्वी पेटीएम इन्सायडरवर असायचं ते सगळं २०२४मध्ये झोमॅटोने विकत घेतलं आणि डिस्ट्रिक्टमध्ये नेलं. पण लहान कार्यक्रमाची खबर ॲपवर येईतो बहुधा उशीर झालेला असतो. ती आधी इन्स्टाग्रामवर, त्या जागेच्या आणि आयोजकाच्या खात्यावर येते. म्हणून बँडांबरोबर जागांना आणि आयोजकांनाही फॉलो करा. लेबलसारखाच आयोजकाचाही एक कान असतो.

दोन नियम माहीत असलेले बरे. बहुतेक लहान गिग बारमध्ये होतात, कारण भाडं दारूच्या विक्रीतून निघतं. महाराष्ट्रात बिअर-वाइनला वयाची अट एकवीस, बाकी मद्याला पंचवीस. त्यामुळे दारावर सहसा एकवीसखालच्यांना सोडत नाहीत, मग त्यांना सरबत प्यायचं असलं तरी. ज्या वयात संगीताने माणूस वेडा होतो नेमक्या त्याच वयात दार बंद, ही या व्यवहारातली मला सगळ्यांत जाचणारी गोष्ट. कॉलेजातली मुलं असतील तर त्यांना जी-फाइव्ह-एसारखी सभागृहं, महोत्सव आणि कॉलेजांचे कार्यक्रम शोधून द्या, आणि तिकिटावरची वयाची ओळ आधी वाचा. दुसरा नियम रात्री दहाचा. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार उघड्यावर दहानंतर लाउडस्पीकर बंद. वर्षातले ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, तेवढेच. म्हणून मैदानी महोत्सवाचं वेळापत्रक दहापासून मागे मोजत आखतात आणि नव्या बँडांच्या वाट्याला दुपारचं ऊन येतं. मुंबईत जानेवारी २०२३पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘लोलापलूझा’ भरतं. तिथेही परदेशी मोठी नावं रात्री, आपल्याकडची बरीचशी मंडळी दुपारी. टोपी घालून दुपारीच जा.

आधी वाजवणारा

लहान गिगमध्ये हे दुपारचं ऊन म्हणजे ओपनिंग. मुख्य बँडच्या आधी अर्धा तास वाजवणारा कोणी अनोळखी. साउंडच्या टेबलावरून हे कसं दिसतं ते सांगतो. चारला सामान उतरतं. मुख्य बँडचा साउंडचेक दोन तास चालतो. एका ड्रम सेटलाच सात-आठ माइक लागतात, गायकाला मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज हवा असतो, गिटारवाल्याला त्याहून जास्त हवा असतो. ओपनिंगवाल्याला उरतो तो दारं उघडायच्या आधीचा पाव तास. त्याला आम्ही लाइनचेक म्हणतो. वायर लागली, आवाज आला, चला.

अशाच एका संध्याकाळी इचलकरंजीची एक मुलगी आली. पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप, एक साउंड कार्ड आणि बटणांचं एक छोटं खोकं. माझ्याकडून तिला दोन डीआय बॉक्स आणि एक स्टिरिओ लाइन, बस. हॉलमध्ये माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्यातली निम्मी मुख्य बँडची. तिने सुरुवात केली ती यंत्रमागाच्या आवाजाने. गावातल्या एका शेडमध्ये जाऊन तिने तो टिपला होता. धोटा आपटतो तो खट्, परत येतो तो जरा वेगळा खट्. पाच मिनिटं तिने नुसतं तेवढंच चालू ठेवलं, पण दर काही आवर्तनांनी एखादा खट् काढून घेतला. रिकाम्या झालेल्या जागेत खाली एक बेसचा सूर ठेवला, इतका खोल की तो कानाआधी पायांना कळला. मी सबचा, म्हणजे खोल आवाजाच्या स्पीकरचा, फेडर हलकेच वर नेला. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि तो सूर आणखी अर्ध्याने खाली घेतला. बारजवळ गप्पा मारणारे दोघे ग्लास हातात धरून पुढे आले. शेवटी माग परत पूर्ण भरला तेव्हा तो माग राहिला नव्हता, तो टेक्नो झाला होता.

सामान गुंडाळताना मी विचारलं, हे कुठे मिळेल? तिने बँडकॅम्पचं पान सांगितलं. वर कोल्हापूरचा एक रेकॉर्डिस्ट, ज्याच्याकडून ती शिकली, आणि बंगळुरूची एक मैत्रीण, अशी आणखी दोन नावं दिली. त्या दोन नावांतून मला पुढच्या आठवड्यात चार अल्बम मिळाले. तिथे साडेआठला आलेल्या गर्दीला यातलं काही ठाऊक नाही. त्यांनी मुख्य बँड ऐकला, छान वाजला, सगळ्या गाण्यांचे शब्द पाठ होते.

उभं कुठे राहायचं

इलेक्ट्रॉनिक कार्यक्रमाला पहिल्यांदा जाणारे हटकून विचारतात: हा नक्की करतो काय तिथे? दोन प्रकार असतात आणि पोस्टरवर ते लिहिलेले असतात. ‘डीजे सेट’ म्हणजे बहुतांशी इतरांच्या रेकॉर्ड निवडून, वेग जुळवून, एकातून दुसरीत अलगद जाणं. निवड आणि क्रम हीच त्यातली कला. ‘लाइव्ह सेट’ म्हणजे स्वतःची रचना तिथल्या तिथे बांधणं, यंत्रांवर किंवा लॅपटॉपवर. बर्लिनच्या एबलटन कंपनीने २००१मध्ये ‘लाइव्ह’ हे सॉफ्टवेअर काढल्यापासून हे पुष्कळ सोपं झालं. डीजे सेटमध्ये तर नवं संगीत शोधायची पर्वणीच. कित्येकदा अजून बाहेर न आलेली गाणी तिथे वाजतात. फोनवर शाझम लावून बघा, आणि शाझमला ओळखता आलं नाही तर सेट संपल्यावर डीजेला विचारा. रागावत नाहीत, खूश होतात.

उभं राहायची जागा विचाराल तर माझ्याजवळ. म्हणजे साउंडच्या टेबलापाशी, शक्यतो मधोमध. आम्ही आवाज तिथे उभं राहून जुळवलेला असतो, त्यामुळे तो तिथेच सर्वांत खरा. अगदी पुढे गायकाचा आवाज डोक्यावरून जातो, कोपऱ्यात बेस साचतो. आणि कानांत इअरप्लग घाला, दोनशे रुपयांचे चालतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी शंभर डेसिबलची मर्यादा सुचवली आहे, पण ती सगळीकडे पाळतात असं मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही. आमच्या धंद्यात पन्नाशीत कानात शिट्टी वाजणारे लोक आहेत. ती शिट्टी कुठल्याच फेडरने कमी होत नाही.

खर्चाचं म्हणाल तर लहान गिगचं तिकीट बहुतेक वेळा हजाराच्या आत असतं, अल्बम त्याहून कितीतरी स्वस्त. महिन्यात एक अल्बम विकत, एक गिग प्रत्यक्ष, आणि दोन्हींतून निघालेली नवी नावं टिपून ठेवायची, एवढं केलं तरी वर्षाकाठी तुमचं कपाट कोणत्याही यंत्राच्या यादीपेक्षा वेगळं आणि तुमचं स्वतःचं झालेलं असेल. मात्र तिकिटावर सातची वेळ असेल तर सातला पोचा. साडेआठला गेलात तरी मुख्य बँड मिळेल, पण तो तुम्हाला आधीच ठाऊक होता.